तीन हजार रुपयांत लढाऊ विमानाचं कोणतं किट घ्यावं?

अमळनेरहून एका मामांनी विचारलं आहे: भाचा यंदा नववीत गेला, लढाऊ विमानांचं त्याला भारी वेड आहे, वाढदिवसाला प्लास्टिकचं जोडायचं किट द्यायचं आहे. घरात यापूर्वी कुणी असं किट जोडलेलं नाही. सगळं मिळून तीन हजार रुपये खर्चायची तयारी आहे आणि विमान शक्यतो आपल्या वायुदलाचं हवं. ऑनलाइन १/४८ची एक मोठी सुखोई-३० सवलतीत दिसते आहे, ती बजेटच्या जरा वर जाते. ती घ्यावी की लहान काही घ्यावं? कंपनी कोणती चांगली?

भाऊ, आधी थेट उत्तर देतो. सुखोई आत्ता घेऊ नका. १/७२ प्रमाणातलं, लहान, एका इंजिनाचं आणि अलीकडच्या साच्यातलं विमान घ्या. किटवर दीड हजाराच्या आसपास थांबा. उरलेले दीड हजार हत्यारं, गोंद आणि रंग यांना लागणारच आहेत. पेटीवरची किंमत हा खर्चाचा फक्त पहिला हप्ता असतो, हे नवीन माणसाला कुणी सांगत नाही. मग सगळे पैसे पेटीत जातात, मुलगा घरातल्या कात्रीने भाग तोडतो, फेविक्विकने चिकटवतो, आणि आठवड्याभरात ते विमान माळ्यावर जातं. मी धुळ्यात बरीच वर्षं किट जोडतो आणि आसपासच्या मुलांना शिकवतो. पैसा वसूल झाला की नाही याची माझी कसोटी एकच आहे: विमान रंगून, चिन्हं लागून, स्वतःच्या चाकांवर उभं राहिलं का. अर्धवट राहिलेलं किट फुकट मिळालं असलं तरी महागच पडलं.

आता प्रमाणाचं बघू. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट तुमच्या टेबलावर एक इंच होतात. १/४८मध्ये चार फुटांचा एक इंच होतो. ऐकायला फरक लहान वाटतो, पण खरी सुखोई-३० एमकेआय जवळपास २२ मीटर लांब आहे आणि तिच्या पंखांचा पसारा १४.७ मीटर आहे. १/४८मध्ये ती साधारण ४६ सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटरहून थोडी जास्त रुंद होते. आपल्या घरांतल्या शोकेसची खोली फूटभर असते, त्यात ती सरळ बसत नाही, तिरकी ठेवावी लागते. शिवाय तेच विमान १/७२ऐवजी १/४८मध्ये घेतलं की रंगवायचा पृष्ठभाग सव्वादोन पट होतो, म्हणजे रंगही तेवढा जास्त लागतो आणि जोडावरची घासाघासही तेवढी वाढते. एवढा मोठा सपाट पृष्ठभाग हाताच्या ब्रशने एकसारखा रंगवणं मुरलेल्या माणसालाही जड जातं. तिथे एअरब्रश, म्हणजे हवेने रंग फवारायचं पेन लागतं, त्याला कॉम्प्रेसर लागतो, आणि तुमचं बजेट कुठल्या कुठे जातं.

उलट मिग-२१ हे लहान विमान आहे. पंखांचा पसारा जेमतेम ७.१५ मीटर, त्यामुळे १/७२मध्ये तो दहा सेंटीमीटर भरतो आणि लांबी नाकावरची दांडी धरून २२ सेंटीमीटरच्या आसपास येते. हातात मावतं, ब्रशने रंगवता येतं, डोळ्यांना ताण पडेल इतकंही बारीक नसतं. नॅट हे आपल्या वायुदलाचं जुनं लढाऊ विमान तर याहून लहान. लहान विमानांसाठी १/४८ आणि दोन इंजिनांच्या मोठ्या विमानांसाठी १/७२, ही विभागणी पुढे भाच्याचा हात बसल्यावर उपयोगी पडेल. पहिल्या किटला मात्र १/७२च.

त्या सवलतीतल्या सुखोईबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. सुखोई-३० या नावाखाली वेगवेगळी विमानं विकली जातात. चीनने घेतलेली ती एमकेके. तिला कॉकपिटच्या बाजूचे छोटे पुढचे पंख, म्हणजे कॅनार्ड, नसतात, इंजिनाची तोंडं वळत नाहीत आणि शेपटीचे उभे पंख उंच, टोकाला सपाट असतात. आपली एमकेआय कॅनार्ड असलेली आहे आणि तिच्या इंजिनाची तोंडं वळतात. बाजारात एमकेकेची किट आहेत आणि जाहिरातीत नुसतं 'सुखोई-३०' लिहिलेलं असतं. चित्रात कॅनार्ड दिसत नसतील तर ती आपली सुखोई नाही, आणि प्लास्टिक घासून तिला आपली करता येत नाही. पुढेमागे सुखोई करायचीच असेल तर झ्वेझ्दा या रशियन कंपनीचं १/७२चं सुखोई-३० एसएम बघा. एसएम ही रशियाने आपल्या एमकेआयच्याच घडणीवरून स्वतःसाठी करून घेतलेली आवृत्ती आहे, त्यामुळे बाहेरचा आकार जवळचा बसतो. भारतीय चिन्हं वेगळी घ्यावी लागतील.

कंपनी कोणती, या प्रश्नाला मी कधी एका नावात उत्तर देत नाही. कारण पाहायचा असतो तो साचा. किटचं प्लास्टिक स्वस्त असतं, खरा खर्च पोलादी साचा कोरण्याचा. एकदा साचा झाला की कंपनी तो तीस-चाळीस वर्षं वापरू शकते, दुसऱ्या कंपनीला भाड्याने देऊ शकते, विकूही शकते. त्यामुळे जुन्याच धान्याला नवं पोतं शिवावं तसं होतं: पेटीवरचं चित्र यंदाचं, आतला माल १९७८चा. रेव्हेल या कंपनीकडे मॅचबॉक्स या कंपनीचे जुने साचे गेले आणि मोनोग्राम या कंपनीचेही. तामिया ही जपानी कंपनी नेमक्या बसणाऱ्या भागांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिच्याही १/७२च्या मालिकेत इटालेरीच्या साच्यातली किट तामियाच्या पेटीत आलेली आहेत. म्हणजे पेटीवर नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचा. एअरफिक्सने निदान एक चांगलं केलं, आपले जुने साचे 'व्हिंटेज क्लासिक्स' असा शिक्का मारून वेगळे काढले. तो शिक्का दिसला की पहिल्या किटसाठी ती पेटी खाली ठेवा.

साचा कधीचा हे शोधायला स्केलमेट्स नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. किटचं नाव टाकलं की एक आडवी पट्टी दिसते: साचा पहिल्यांदा कोणत्या वर्षी निघाला, नंतर कुणाकुणाच्या पेटीत गेला, भाग नवे आले की नुसती चिन्हं बदलली. दुकानदाराशी भाव करण्याआधी ही पट्टी बघायची सवय भाच्यालाही लावा. २००५नंतरचा साचा असेल तर मी पुढे बघतो. त्याआधीचा असेल तर कारण असल्याशिवाय नवीन माणसाच्या हातात देत नाही. जुने सगळे वाईट असतात असं नाही. मोनोग्रामची १/४८ची जेट विमानं आकाराने आजही देखणी आहेत. पण त्यांच्यावर पत्र्यांच्या जोडाच्या रेषा उंचावलेल्या असतात. दोन अर्धे भाग चिकटवून शिवण घासली की त्या रेषाही घासल्या जातात, आणि मग त्या परत उमटवणं हे वेगळंच कसब आहे. नव्या साच्यात रेषा कोरलेल्या असतात. थोडं घासलं तरी त्या टिकतात, नंतर त्यात पातळ काळपट रंग सोडला की विमान जिवंत दिसतं.

संकेतस्थळ नसलं तरी भागांच्या फांद्यांचा, म्हणजे स्प्रूचा फोटो बघून बरंच कळतं. विक्रेत्याने तो टाकला नसेल तर मागा. भागांच्या कडेला प्लास्टिकची पातळ पापुद्र्यासारखी झालर दिसते का? ती झिजलेल्या साच्याची खूण. पंखांच्या जाड जागी खड्डे पडलेत का? तिथे पुट्टी भरावी लागणार. जेट विमानात हवा आत घेण्याचा बोगदा हा सगळ्यात त्रासाचा भाग, कारण त्याची शिवण आतून असते आणि तिथे बोट जात नाही. मिग-२१चं बरं असं की हवेचं तोंड नाकावर गोल असतं आणि मधोमध शंकू असतो, आत फारसं दिसतच नाही. म्हणूनही ते शिकायला सोपं आहे. एफ-१६, सुखोई यांसारख्या विमानांच्या फुगीर काचेवर मधोमध साच्याची बारीक रेघ असते, ती घासून परत पारदर्शक करावी लागते. भागांच्या संख्येला भुलू नका. पेटीवर १५० भाग लिहिलेले असतात, त्यातले पंचवीस-तीस दुसऱ्या आवृत्तीचे असतात आणि ते फांदीवरच राहतात.

पेटीत काय नाही, हे पेटीत काय आहे याइतकंच बघायला हवं. हासेगावा या जपानी कंपनीची १/७२ची बरीच किट सुरेख असतात, पण क्षेपणास्त्रं आणि बॉम्ब त्यात नसतात, त्यांचे वेगळे संच विकत घ्यावे लागतात. नववीतल्या पोराला पंखाखाली क्षेपणास्त्र नसलेलं लढाऊ विमान दिलं तर तो हिरमुसणारच. तामियाचं १/७२चं एफ-१६सीजे साध्या पेटीत मिळतं आणि जास्त शस्त्रांच्या पेटीतही मिळतं. प्लास्टिकचं मूळ विमान तेच. एडुआर्ड या चेक कंपनीत 'वीकेंड' आणि 'प्रोफिपॅक' अशा दोन पेट्या असतात. विमानाचे भाग सारखेच, पण प्रोफिपॅकमध्ये कोरीव धातूचे बारीक भाग आणि रंगवताना काच झाकायचे मास्क असतात. धातूचे ते भाग पहिल्या किटला नकोत. ते वाकवायला वेगळी हत्यारं लागतात, फेविक्विकसारखाच गोंद लागतो आणि १/७२मध्ये ते चिमट्यातून उडाले की सापडत नाहीत. वीकेंड घ्या, फरकाच्या पैशांत चांगला निपर, म्हणजे फांदीवरून भाग तोडायची पक्कड येते.

आपल्या वायुदलाचं विमान हवं म्हणता, तिथे खर्च वाढवणारी गोष्ट म्हणजे डिकल, पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं. बहुतेक पेट्यांत रशिया, अमेरिका, ब्रिटन किंवा पेटी जिथे खपते त्या देशांची चिन्हं असतात. भारताचं तिरंगी वर्तुळ, शेपटीवरची पट्टी आणि विमानाचा क्रमांक हे सुटे डिकल म्हणून घेतले तर कधीकधी किटच्या निम्म्या किमतीला जातात. म्हणून पेटीच्या बाजूवरची रंगचित्रं बघा. चारपैकी एक भारतीय असेल तर तीच पेटी घ्या, भले शंभर-दोनशे जास्त पडोत. डिकलमध्ये दोन गोष्टी तपासा. आपल्या वर्तुळात बाहेर केशरी, मग पांढरं, आत हिरवं असतं; छपाई सरकलेली असेल तर पांढरी कड एका बाजूला जाड दिसते, आणि ते लावल्यावर फार खटकतं. दुसरं म्हणजे कागद पिवळा पडलाय का. पडला असेल तर घाबरू नका. डिकलचा कागद पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हाच्या बाजूने चिकटवून ठेवा, ऊन तो पिवळेपणा खाऊन टाकतं. खानदेशातलं ऊन या कामाला फार चांगलं. मात्र कागद जुना आणि तडकलेला असेल तर ऊन काही करू शकत नाही.

मिग-२१मध्येही आवृत्ती बघून घ्या. आपल्याकडे १९६३मध्ये हे विमान आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. इतक्या वर्षांत त्याची एफएल, एम, एमएफ, बिस आणि बिसवरून सुधारलेली बायसन अशी रूपं आपल्याकडे उडाली. एफएलची पाठ सडपातळ, बिसची पाठ फुगीर. बायसनची पुढची काच एकसंध. पेटीवर बिस लिहिलं असेल आणि तुम्ही तिला १९७१च्या एफएलची चिन्हं लावलीत, तर जाणकार माणूस पाठीवरूनच ओळखेल. एफएल त्या काळी अनेकदा उघड्या धातूच्या रंगात असायचं. दिसतं अप्रतिम, पण चांदीचा रंग पृष्ठभागावरचा प्रत्येक ओरखडा दाखवतो. पहिल्या किटला करड्या रंगातलं किंवा हिरव्या-तपकिरी पट्ट्यांतलं विमान निवडा, तो रंग चुका पोटात घालतो.

आणि भाऊ, मिग-२१ आपल्या भागाच्या फार जवळचं आहे. ओझरचा एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४मध्ये उभा राहिला तो मिग-२१ बनवण्यासाठीच. धुळ्याहून आग्रा रोडने नाशिकला जाताना पिंपळगाव बसवंत सोडलं की ओझर लागतं. पुढे तिथेच सुखोई-३० एमकेआय जोडली गेली आणि १७ ऑक्टोबर २०२५ला तिथे बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१एने उड्डाण केलं. भाच्याला ही वाट दाखवा. आपण जे विमान टेबलावर जोडतो ते खरं कुठे जोडलं गेलं, हे कळल्यावर मुलं रंगाच्या छटांपर्यंत सगळं विचारायला लागतात.

आता उरलेले दीड हजार. निपर लागतो, चपट्या धारेचा, म्हणजे भाग फांदीवरून तुटताना पांढरा पडत नाही. कटर, चिमटा. पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानातले नकोत, ते लाकडासाठी जाड असतात. गाड्यांचा रंग विकणाऱ्या दुकानात पाण्यात बुडवून घासायचा वॉटर पेपर मिळतो. ४००, ८०० आणि १५०० नंबरचा एकेक कागद घ्या, दोन-तीन किटांना पुरतात. हे सगळं जळगाव-धुळ्यात मिळतं, मागवावं लागत नाही.

गोंद मात्र मागवा. मॉडेलसाठीचा 'सिमेंट' नावाचा पातळ गोंद प्लास्टिक किंचित वितळवून दोन भाग एकजीव करतो. दोन भाग धरायचे, फटीवर ब्रशचं टोक टेकवायचं, गोंद आपोआप आत ओढला जातो. आपल्याकडे ठिबक आणि पाइपलाइनमुळे घरोघरी पीव्हीसी पाइपचं सोल्युशन असतं, आणि 'तेही प्लास्टिकच चिकटवतं ना' असं म्हणून पोरं ते लावतात. ते किटच्या प्लास्टिकला फार जहाल आहे, पंखाची कडच विरघळवतं. फेविक्विक शिवणीला एकवेळ चालेल, पण काचेजवळ आणू नका, त्याची वाफ कॉकपिटच्या काचेवर पांढरी साय धरते आणि ती निघत नाही. काचेला साधा पांढरा फेविकॉल लावा. सुकल्यावर तो पारदर्शक होतो आणि सांडलाच तर ओल्या कापसाने निघतो.

रंग पाण्याचे अ‍ॅक्रिलिक घ्या, मॉडेलसाठीचेच. करडा, काळा, चांदी आणि विमानाच्या रंगसंगतीला लागेल तो एखादा, अशा चार बाटल्यांत पहिलं विमान होतं. हस्तकलेचे जाड रंग थेट प्लास्टिकवर धरत नाहीत, नखाने सोलले जातात. गाड्यांचा स्प्रे प्रायमर वापरायचा झाला तर फूटभर अंतरावरून अगदी विरळ फवारा, एका वेळी जाड थर दिला तर तो प्लास्टिक खातो. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर तर विमानाच्या जवळही नको. ब्रशने रंगवताना दोन-तीन पातळ थर द्या, आणि आधीचा थर पूर्ण वाळेपर्यंत हात लावू देऊ नका. ही एक शिस्त पाळली तर ब्रशचं काम एअरब्रशच्या जवळ जातं.

उन्हाळ्यात रंगवायची वेळ बदला. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ला गेला की अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो आणि पृष्ठभागावर ब्रशचे ओरखडे राहतात. पहाटे किंवा रात्री उशिरा रंगवा, रंगाची वाटी ओल्या कपड्यावर ठेवा. कूलरसमोर बसून रंगवू नका; त्याच्या हवेत ओलही असते आणि धूळही, दोन्ही ओल्या रंगावर जाऊन बसतात. पावसाळ्यात उलट, थर वाळायला एक दिवस जास्त धरा. आणि जोडलेलं विमान किंवा न उघडलेली पेटी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत कधी सोडू नका; बंद गाडीच्या उष्णतेत पातळ पंख वाकतात.

एक गोष्ट जेट विमानांत हमखास विसरली जाते: नाकातलं वजन. पुढे एक चाक आणि मागे दोन असलेली बरीच विमानं शेपटीवर बसतात, म्हणून सूचनापत्रात नाकात वजन भरायला सांगितलेलं असतं. धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी सायकल दुरुस्तीच्या दुकानातले लोखंडी छर्रे आत फेविकॉलने बसवा. शिसं वापरू नका, मुलाच्या हाताखालचं काम आहे. छर्रे किती हे आधी धड टेपने जोडून, चाकांच्या जागी बोट धरून तोलून बघा.

तर नेमकं काय घ्यावं? भाच्याला स्वतःला नीट बसून काम करायची सवय असेल तर एडुआर्डचं १/७२ मिग-२१एमएफ, वीकेंड पेटीत. हा साचा २०१८चा आहे, भाग नेमके बसतात, पण बारीक आहेत, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस तुम्ही शेजारी बसा. मुलगा उतावळा असेल तर एअरफिक्सचा स्टार्टर सेट घ्या, त्यात गोंद, ब्रश आणि लागणारे रंग पेटीतच असतात, त्यामुळे तीन हजारांतले बरेच वाचतात. त्या सेटमध्ये लाल रंगाचं हॉक प्रशिक्षण विमान मिळतं. ते रेड अ‍ॅरोज या ब्रिटिश हवाई कसरती पथकाचं असलं तरी हॉक हे आपल्या वायुदलातही आहे आणि बीदरचं सूर्यकिरण पथक हॉकच उडवतं. आवृत्ती वेगळी, कुळ एक. ते लढाऊ विमान नव्हे, प्रशिक्षणाचं आहे, हे भाच्याला आधी सांगा. नॅट आवडत असेल, आणि १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरवर नॅट घेऊन लढलेल्या परमवीर निर्मलजित सिंग सेखों यांची कथा ऐकून पुष्कळ मुलांना नॅटच हवं असतं, तर लक्षात ठेवा की एअरफिक्सचं नॅट दोन आसनी प्रशिक्षण विमान आहे. सेखोंचं एका आसनाचं होतं. ते स्पेशल हॉबीने १/७२मध्ये काढलं आहे, नॅटवरून आपल्याकडे सुधारून बनवलेलं अजितही त्यांच्याकडे वेगळ्या पेटीत मिळतं. मात्र अशा छोट्या कंपनीच्या किटमध्ये भाग एकमेकांवर आधी नुसते लावून बघावे लागतात, म्हणून ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या नंबरला.

रफाल मागेल तर रेव्हेलचं १/४८ मला त्याच्या किमतीत सर्वांत समाधानाचं वाटतं, पण तेही हात बसल्यावर. बाजारात काही चिनी जोडाजोडीची लढाऊ विमानं दोन-तीनशे रुपयांत असतात, पेटीवर प्रमाणच लिहिलेलं नसतं. त्यांना खेळणं म्हणून घ्या, किट म्हणून नको.

खरेदी भारतातल्या विक्रेत्याकडूनच करा. परदेशी संकेतस्थळावर किंमत निम्मी दिसते, पण कस्टममध्ये अशा प्रतिकृती खेळण्यांच्याच शीर्षाखाली येतात. त्यावरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. त्यावर कर आणि टपालखर्च धरला की स्वस्ताई उरत नाही. आपल्याकडच्या दुकानात 'कितलाले पडनं' (कितीला पडलं) या प्रश्नाचं उत्तर निदान एकाच आकड्यात मिळतं. पुण्या-मुंबईतल्या विक्रेत्यांकडून दोन-तीन ठिकाणचा भाव घ्या, दुहेरी खोक्यात पाठवायला सांगा, आणि मे महिन्यात मागवत असाल तर पार्सल दिवसभर कुणाच्या ओट्यावर पडून राहणार नाही असं बघा.

पार्सल उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. सूचनापत्राच्या पहिल्या पानांवर फांद्यांचा नकाशा असतो, त्याच्याशी प्रत्येक फांदी ताडून बघा, काचेचा भाग उजेडाकडे धरून तडा आहे का ते बघा, डिकलचा कागद मोजा. काही कमी असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत विक्रेत्याला कळवा. एकही भाग फांदीवरून तोडला की विक्रेता परत घेत नाही. सगळं जागेवर असेल तर फांद्या कोमट पाणी आणि भांडी धुवायच्या साबणाने हलक्या हाताने धुवा, म्हणजे साच्यातलं तेल निघून जाईल आणि रंग धरेल. पाणी गाळणीतून ओता, एखादा सुटलेला भाग मोरीत जायला नको. मग सावलीत वाळवा, आणि पहिला भाग भाच्यालाच तोडू द्या.